शमू, ब्रेकचं सांगायचं राहिलं

शमू,

केडगाव स्टेशनाच्या टोकाच्या बाकावर बसून हे लिहितोय. पुण्याहून येणाऱ्या गाडीनं तुझी लेक रूथ येतेय आणि मला तिला एक गोष्ट सांगायची आहे. खरं तर ती तुला सांगायची होती. रविवारी फेरी संपल्यावर चहा पिताना सांगू, असं मी ठरवलं होतं. तो चहा आपण प्यायलो नाही.

तुझ्या स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या, असं चर्चच्या मंडळींनी मला सांगितलंय, शाळेपासूनचा मित्र म्हणून. प्रार्थनासभेत मला उभं केलं तेव्हा मी तुझे विनोद सांगितले. लोक डोळे पुसत हसले आणि मी खाली बसलो. जे बोलायला उठलो होतो ते तसंच राहिलं. आता लिहिताना तरी पळता येणार नाही, असं वाटतं.

केडगावात कुणी गेलं की घरातलं एक माणूस आधी तुझ्या फोटो स्टुडिओची पायरी चढायचं. हातात लग्नातला नाहीतर बारशाचा ग्रुप फोटो. तू त्यातून एकटा चेहरा उचलायचास, मागची गर्दी पुसायचास, खांद्यावर राहिलेला दुसऱ्याचा हात पुसायचास, आणि सांजच्याला फ्रेम तयार. माझे आप्पा गेले तेव्हा तू त्यांच्या खांद्यावरचा हात ठेवलास. मी विचारलं, हा कुणाचा? तू म्हणालास, "तुझाच की. तेवढा ऱ्हाऊ दे म्हटलं." तो फोटो अजून आमच्या भिंतीवर आहे. त्याबद्दल मी तुला कधी काही बोललो नाही.

तू गेल्यावर तुझाच फोटो सापडेना. आयुष्यभर कॅमेऱ्याच्या मागं उभा राहिलेला माणूस. शेवटी माझ्या मोबाईलमधला एक निघाला, पारगावच्या पुलावर मी काढलेला. कानटोपी, हातमोजे, पुढ्यात सायकल, आणि तू तोंडभर हसतोयस. दौंडला मोठा करून आणला. तो छापणारा म्हणाला, "कोपऱ्यात दुसऱ्या सायकलीचं चाक आलंय. काढू का?" ते माझं चाक होतं. मी म्हणालो, काढा.

आता तो फोटो तुमच्या बाहेरच्या खोलीत टेबलावर आहे. येणारे लोक त्याच्यासमोर उभे राहतात आणि बोलायला काही नसलं की म्हणतात, सायकल काय चकचकीत ठेवली होती हो. सुलभावहिनी म्हणतात, "बापूभाऊजींचं काम त्ये. दर शनवारी धून-पुसून द्यायचे." पुढच्या चाकाची डिस्क, मधली ती पोलादी चकती, त्या फोटोत आरशासारखी चमकते. मी मान खाली घालतो. लोकांना वाटतं, रडतोय.

हे सगळं सुरू झालं तुझ्या साखरेवरून. डॉक्टरनं रोज चालायला सांगितलं. तू म्हणालास, "चालायची लाज वाटती. लोक इचारत्यात, गाडी बिघडली का." मग तूच पुण्याहून गिअरच्या दोन सायकली मागवल्यास, एक तुला, एक मला. खोक्यातून सुट्या भागांत आल्या. मी साखर कारखान्यातला फिटर, तुझ्या दुकानाच्या ओट्यावर बसून मी त्या जोडल्या. खंडेनवमीला माझ्या पान्यांबरोबर दोन्हींना झेंडूची माळ घातली. तू दारात उभा राहून म्हणत होतास, "टिळा लाव, पन नारळ माझ्या पायरीवर फोडू नको. पास्टर समोरच ऱ्हात्यात." नारळ रस्त्यावर फोडला. खोबरं सगळ्यात जास्त तू खाल्लंस.

थंडी पडल्यावर पहिल्या रविवारच्या फेरीला तू स्वेटर आणि त्यावर लग्नातला कोट घालून आलास. चौफुला येईपर्यंत घामानं भिजलास, आणि परतीच्या वाऱ्यात दात वाजायला लागले. त्यावरून शिकलो, की निघताना जरा गारठा वाटला पाहिजे, पहिला मैल हळू घ्यायचा, तोंड मिटून श्वास घ्यायचा आणि बोटं झाकायची. दुसऱ्या आठवड्यापासून तू स्वेटरच्या आत छातीशी वर्तमानपत्र घालायला लागलास. "बातम्या गरम असत्यात," म्हणायचास. वारा खरंच अडायचा. मीही घालायला लागलो.

हे दिवस म्हणजे कारखान्यांच्या गाळपाचे. रस्त्यावर ट्रॉल्यांमधून पडलेला ऊस चाकांखाली चेचला जातो, त्यावर दव पडतं, आणि सकाळी डांबर चिकट आणि निसरडं होतं. तो रस चेनमध्ये बसतो. एका शनिवारी तुझ्या सायकलीला मुंग्या लागलेल्या पाहिल्या. मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं तसं. तू म्हणालास, "माझी साखर उतरली रं बापू. सायकलीला लागली." त्या दिवशी आपण इतके हसलो की वहिनी बाहेर येऊन बघून गेल्या.

मग मी दर शनिवारी दोन्ही सायकली धुवायला लागलो. चेन ब्रशनं घासायची, कोरडी पुसायची, थेंब थेंब तेल सोडायचं, जादाचं पुसून घ्यायचं. टायरात घुसलेल्या काचा काढायच्या, हवा बघायची. तू स्टुलावर बसून मला नावं ठेवायचास. "तू नट असा आवळतोस, जशी काय सायकल पळून चाललीय." मी म्हणायचो, तू देवावर भरवसा ठेव, मी नट-बोल्टांवर ठेवतो. "आन् देवानं तुझ्यावर सोपवलं असंल तर?" असं तू एकदा म्हणालास. तो वाद अर्धाच राहिला. गिऱ्हाईक आलं आणि तू पासपोर्टचे फोटो काढायला आत गेलास.

अशाच एका शनिवारी मला चाकांच्या डिस्कवर तांबूस झाक दिसली. दवानं धरलेली. कारखान्यात गाळप संपलं की आम्ही उघड्या लोखंडावर तेलाचा हात फिरवतो, म्हणजे पावसाळाभर गंज चढत नाही. उघडं, चकचकीत लोखंड कोरडं सोडायचं नाही, हे मला नोकरीत शिकवलेलं पहिलं काम. माझा हात आपोआप तेलाच्या चिंधीकडे गेला. तू विचारलंस, "तिथं कशाला रं?" मी म्हणालो, गंज धरेल. दोन्ही सायकलींच्या, चारही डिस्क मी पुसून काढल्या. काय चमकल्या त्या.

दुसऱ्या दिवशी आपण नेहमीसारखे पारगावकडे निघालो. भीमेच्या पुलाकडं उतार लागला तेव्हा दोन्ही ब्रेक असे किंचाळले की उसातले बगळे उडाले. मी कसाबसा थांबलो. तू माझ्या पुढं गेलास, बूट घासत, थेट पुलाच्या कठड्यापर्यंत. खाली नदीवर वाफ होती, पाणी दिसत नव्हतं. तू कठड्याला धरून वळलास.

"बापू, तुझी सायकल बोंबलती, पन थांबत न्हाई."

"नवी आहे. बसेल हळूहळू. मिलचं बेअरिंगसुद्धा बसायला वेळ घेतं."

"व्हय मिस्त्री. तुमी म्हणाल तसं."

आणि तू हसलास. तेव्हाच मी तो फोटो काढला. टेबलावर हार घालून ठेवलाय तो. त्यात तू कशाला हसतोयस हे फक्त मला माहीत होतं.

शुक्रवारी सुट्टी बदलून मी शिरूरला पाहुण्यांकडे सायकलवर गेलो. आवाज वाढला होता म्हणून तिथल्या सायकलच्या दुकानात थांबलो. दुकानदारानं चाक फिरवलं, डिस्कला बोट लावलं, वास घेतला. म्हणाला, याला तेल लावलं काय? ब्रेक घासून थांबतो, तेल लावल्यावर घासणार काय? ब्रेकचे पॅड तेल पितात, मग पुसूनही उपयोग नसतो, बदलावेच लागतात.

शमू, हे मला नवीन नव्हतं. कारखान्यातल्या क्रेनच्या ब्रेकवर तेलाचा थेंब पडला तर मी माणसांना शिव्या घालतो. मला ब्रेक कळतो. पण तुझ्या ओट्यावर बसलो तेव्हा मला तिथं ब्रेक दिसलाच नाही. चकचकीत लोखंड दिसलं, बास.

परत येताना न्हावऱ्याला थांबलो आणि तुला फोन लावला.

"बोला मिस्त्री."

"रविवारी किती वाजता?"

"नेहमीच्या टायमाला. का रं?"

"काही नाही. असंच."

एवढंच बोललो. मला दिसत होतं पुढचं. तू दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं असतंस, आमच्या मिस्त्रीनं ब्रेकला तेल पाजलं. स्टेशनाबाहेरचा चहावालासुद्धा वर्षभर मला तेल हवंय का विचारत राहिला असता. म्हटलं, समोरासमोर सांगू, चहा घेताना, आधी आपणच हसू, म्हणजे टोचणार नाही. शनिवारी माझी दुसरी पाळी होती. तुझ्या ओट्यावर आलोच नाही.

रविवारी धुकं होतं. तसं धुकं मी आपल्या भागात क्वचितच पाहिलंय. स्टेशनाचे दिवे लोकरीत गुंडाळल्यासारखे, आणि रस्ता आपल्या चाकापुढं दहा पावलांवर संपत होता. नेहमी मी पुढं असायचो. त्या दिवशी तू म्हणालास, "आज मी म्होरं. माझा दिवा नवा हाय." मी तोंड उघडलं. मला आठवतंय, मी तोंड उघडलं होतं. आणि म्हणालो, "हळू चल, धुकं आहे." जे बोलायचं होतं त्याच्या जागी ते बोललो. तू हात हलवलास.

धुक्यात आपला एक नियम होता. कान उघडे ठेवायचे. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांनी मोठमोठे स्पीकर लावलेले असतात, मागच्या दोन ट्रॉल्यांना दिवा नसला तरी गाणी असतात. गाणं ऐकू आलं की समजायचं, पुढं ट्रॉली आहे, कडेला व्हायचं. त्या गाण्यांना तू किती शिव्या द्यायचास, आणि धुक्यात मात्र म्हणायचास, "वाजीव बाबा, वाजीव." त्या सकाळी गाणं नव्हतं. दोन्ही बाजूंना ऊस, पानांवरून दव ठिबकत होतं, आणि तुझ्या चेनचा आवाज. मी घासून स्वच्छ ठेवलेल्या चेनचा तो एकसारखा, कोरडा आवाज. तुझा मागचा लाल दिवा मिचमिचत होता. मला वाटलं, किती शांत आहे. आणि ते बरं वाटलं नाही.

ट्रॉली उभी होती. बॅटरी बसली म्हणून ट्रॅक्टर बंद, गाणं बंद. ड्रायव्हरनं मागच्या चाकांना दगड लावले होते, बाभळीची फांदी टाकली होती आणि तो मदतीला कुणी मिळतंय का बघायला पुढं चालत गेला होता. धुक्यात फांदी दिसेपर्यंत ट्रॉलीच आली.

तुझा ब्रेक किंचाळला. लांबलचक. मी पण दाबला आणि जागच्या जागी थांबलो. तुझा आवाज चालूच होता. जिथं संपायला हवा होता तिथं तो संपला नाही. मग उसाच्या मोळ्यांचा आवाज आला, आणि त्यानंतर काही नाही. तुझा लाल दिवा खाली पडूनही मिचमिचत होता. मी तुझं डोकं मांडीवर घेतलं. छातीशी घातलेलं वर्तमानपत्र बाहेर आलं होतं. मी बोललो. तेव्हा सांगितलं मी तुला सगळं. पण तुला ऐकू गेलं नसणार.

लोक म्हणतात, ट्रॉलीला दिवा नव्हता. खरं आहे. धुकं होतं, तेही खरं. ड्रायव्हरवर केस झाली आहे. तो चौकीत भिंतीला टेकून बसला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "फांदी टाकली हुती साहेब, दगड लावलं हुतं." माझा जबाब झाला. धुकं, उभी ट्रॉली, दिवा नाही. एक शब्द खोटा नव्हता. सायकलीचं कुणी विचारलं नाही आणि मीही बोललो नाही. तिथं पुन्हा जायचं आहे मला. पण आधी तुझ्या घरात सांगायचं.

कारण रूथचा फोन आला. "बापूकाका, पप्पांची सायकल नीट करून द्या. इथं कॉलेजला नेणार आहे मी. तुम्हीच करा, दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका."

तुझी सायकल माझ्या अंगणात आणली. पुढचं चाक वाकलंय, बाकी फार काही झालं नाही. चाक काढून ठेवलं. डिस्कवर तो तेलाचा पातळ थर अजून आहे, त्यावर रस्त्याची धूळ आणि उसाच्या पाचटाची कुसं चिकटलीत. इतकी वर्षं लोखंड पुसतोय, पण हे पुसायला हात धजावला नाही. रोज कामावर जाताना ते चाक भिंतीला टेकलेलं दिसतं आणि मी दुसऱ्या बाजूनं जातो. माझी बायको विचारते, नीट करणार आहात की नाही? मी म्हणतो, करतो.

आज दुपारी तुमच्याकडे गेलो. वहिनी बाहेरच्या खोलीत वाटाणे सोलत होत्या. रूथ संध्याकाळी येतेय म्हणून. मागं तुझा तो फोटो. मी उभ्या उभ्याच सांगितलं. तेल, गंज, कारखान्यातली सवय, पुलावरचं हसणं. शुक्रवारी शिरूरला कळलं, तेही सांगितलं, आणि तुला फोन करून मी काय बोललो, तेही. वहिनी शेंगा सोलत राहिल्या. एकेक दाणा ताटलीत पडत होता. मला वाटलं, रडतील, नाहीतर जा म्हणतील. नाहीतर, खरं सांगतो शमू, मला आशा होती की म्हणतील, असू द्या भाऊजी, त्यांची वेळ आली होती. सगळे तेच म्हणतात.

त्यांनी हात थांबवला.

"तुमच्या सायकलीला पन लावलं हुतं ना त्येल?"

"हो."

"मग तुमी कसं थांबला?"

इतके दिवस मला रात्रंदिवस ज्या प्रश्नाची भीती वाटत होती, तो हाच. दुसऱ्या कुणाला सुचला नाही. पोलिसांना नाही, पास्टरना नाही, माझ्या बायकोला नाही.

शिरूरच्या त्या दुकानात ब्रेक पॅडचा एकच संच शिल्लक होता. दुकानदार म्हणाला, दुसरा सोमवारपर्यंत मागवून ठेवतो. मी तो एक संच माझ्या सायकलीला बसवून घेतला. डिस्क धुवून घेतल्या. मला परत घरी यायचं होतं, वाटेत उतार होता. त्या क्षणी ते साधं, बरोबर वाटलं. तुझं सोमवारी करू, असं वाटलं. मधे एकच रविवार होता.

वहिनींना हे सांगितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, फोटोकडे बघत होत्या. चाकाकडे. मग ताटली उचलून आत गेल्या. मी चपला घालत होतो तेव्हा दारात आल्या.

"रूथला स्टेशनातून तुमीच घिऊन या. वाटंत सांगा तिला. घरात आनून सांगू नका."

"बरं."

"आन् भाऊजी, ह्ये फोन करताना का न्हाई सांगितलं, त्ये बी सांगा. आवाज त्येंनी ऐकला तुमचा. म्हनले, बापूला कायतरी बोलायचं हुतं."

म्हणजे तुला कळलं होतं, शमू. काय ते नाही, पण काहीतरी आहे हे. आणि तूही रविवारपर्यंत थांबलास, मी आपणहून बोलेन म्हणून. तुझी ती सवयच. फोटोला बसलेल्या माणसाला तू कधी 'हसा' म्हणाला नाहीस. त्याचं तोंड मोकळं होईपर्यंत कॅमेऱ्यामागं गप उभा राहायचास. माझ्यासाठीही उभा राहिलास. मी हळू चल म्हणालो, आणि तू हात हलवून पुढं झालास.

मला माफी मागायची नाही. मागितली तर तू एखादा विनोद करशील आणि मी हसेन, आणि मग संपलं असं मला वाटेल. ते तसं संपू नये. दौंडच्या त्या छापणाऱ्याकडे मी परत जाणार आहे. मूळ फोटो मोबाईलमध्ये आहे. म्हणणार आहे, कोपऱ्यातलं ते चाक परत घ्या, आहे तसं राहू द्या.

सिग्नल पडलाय. लांब वळणावर गाडीचा दिवा दिसतोय. आज धुकं नाही, पण गारठा वाढतोय, आणि उसाच्या ट्रॉल्यांची गाणी इथपर्यंत ऐकू येतायत. स्टेशनाबाहेर चहाचं भांडं उकळतंय. रूथ उतरली की बॅग माझ्या हातात देईल आणि तुझ्यासारखीच म्हणेल, काका, आधी चहा घेऊ.

नाही म्हणणार आहे तिला. आधी सांगतो.

बापू